किनारी पक्ष्यांची वाकळ: गावानं मिळून कशी शिवावी

किनारी पक्ष्यांची वाकळ (गोधडी) शिवून गावात टांगायची म्हटलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारणारच, "समुद्र घाटाखाली आणि आपण खटावात. ते पक्षी आपले कोण?" उत्तर तयार ठेवा, कारण ते पटलं नाही तर दुसऱ्या बैठकीला चारच बायका येतात.

मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडीच्या तलावाकाठी हिवाळ्यात चिखलात भराभरा चोच मारत पळणारा छोटा टिलवा चिमणीएवढा असतो. वजन साधारण पंचवीस ग्रॅम. त्याचं घरटं उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, आणि त्याचे भाऊबंद त्याच वेळी अलिबाग-रत्नागिरीच्या पुळणीवर चरत असतात. दुसरा धागा पाण्याचा. येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा आलमट्टी आणि नागार्जुनसागर ही धरणं ओलांडून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात शिरते. सांगलीकरांना आलमट्टी पुराच्या दिवसांतच आठवते. वाकळीवर ती बारा महिने दिसेल.

पुढची सगळी मापं एका वाकळीची आहेत: ६६ इंच रुंद, ७८ इंच उंच, ३० घरं (चौकोन), आणि प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचा. दहा ते पंधरा बायका, शाळेची सातवी-आठवीची मुलं आणि पक्षी ओळखणारा निदान एक माणूस एवढं मनुष्यबळ पुरतं.

१. आधी मागणी, मग सुई

"पक्षी वाचवा" ही मागणी नव्हे. ती वाचून कुणी काहीच वेगळं करत नाही. वाकळीवर एकच वाक्य असावं आणि ते वाचणाऱ्याला उद्यापासून पाळता यावं. तीन नमुने:

- नदीपात्रात वाळूची किंवा गोट्यांची बेटं उघडी पडत असतील तर: "मार्च ते मे, बेटावर पाय ठेवू नका." नदी सुरय, कंठेरी चिखल्या आणि छोटा आर्ली हे पक्षी याच काळात उघड्या वाळूत, गोट्यांत अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, त्यामुळे पायाखाली, ट्रॅक्टरखाली आणि गुरांच्या खुराखाली अंडी जातात. माणूस तासभर बेटावर थांबला तर पक्षी उठून जातो आणि अंडी उन्हात शिजतात.
- तलावावर मासेमारी असेल तर: "तुटलेलं जाळं काठावर टाकू नका." नायलॉनचा दोरा चिखलपक्ष्यांच्या पायांत गुंततो, आवळत जातो आणि बोट किंवा अख्खा पाय झडतो.
- तलावावर सहली येत असतील तर: "कुत्रं मोकळं सोडू नका."

तिन्ही हव्याशा वाटतील. एकच घ्या. दोन मागण्या लिहिलेली वाकळ लोक फोटो काढून विसरतात.

२. वेळापत्रक शेतीचं बघून लावा

इथे बहुतेक उपक्रम फसतात. आखणारे शिक्षक असतात, शिवणाऱ्या बायका शेतात असतात. ऑक्टोबरात तासगाव-खानापूरकडे द्राक्षछाटणी, दिवाळीनंतर ऊसतोड, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आणि द्राक्षाचा हंगाम. या दिवसांत "दुपारी दोन तास या" म्हणणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवा म्हणणं. वाकळ शिवायची वेळ आपल्याकडे उन्हाळाच आहे. एप्रिल-मे, दुपारची सावली.

पक्षी मात्र तोवर निघून गेलेले असतात. म्हणून काम टप्प्याटप्प्यानं करा:

- डिसेंबर-जानेवारी: पक्षी बघणं आणि चित्रं. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत असते. मुलांना गणनेबरोबर नेलं तर वेगळी सहल लागत नाही.
- फेब्रुवारी-मार्च: कापड गोळा करणं, धुणं, कापणं. हे दोन-तीन माणसांचं काम आहे.
- एप्रिल-मे: शिवण.
- ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह: वाकळ पहिल्यांदा टांगणं. तोवर पक्षीही परत आलेले असतात.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो, पण त्या दिवशी वाकळ पुरी करण्याचा हट्ट धरू नका. घाईत घातलेले लांब टाके पहिल्या टांगणीलाच ओढले जातात.

३. पक्षी निवडणं

सगळे आधी रोहित (फ्लेमिंगो) म्हणतील. गुलाबी, मोठा, ओळखीचा. मोह टाळा. मोठा रोहित आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत धोक्याच्या कुठल्याच वर्गात नाही. छोटा रोहित 'संकटासमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, पण त्याला खऱ्या मापात काढायला सहा घरं लागतात. त्या सहा घरांत ज्यांना कुणी ओळखत नाही असे चार-पाच पक्षी बसतात, आणि गरज त्यांना आहे.

एक घर १२ इंचांचं, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत त्यात मावेल तो पक्षी एका घरात, त्याहून मोठा जोडघरात (२४ × १२ इंच).

जोडघरात बसणारे पाच:

- पाणचिरा, सुमारे ४० ते ४३ सेंटीमीटर. संकटग्रस्त, २०२० साली असुरक्षित वर्गातून या जास्त धोक्याच्या वर्गात गेला. चंबळ, गंगा, महानदीच्या वाळूबेटांवर वीण करतो, हिवाळ्यात जामनगर आणि काकीनाड्याच्या किनाऱ्यांवर थवे दिसतात.
- काळ्या पोटाची सुरय, ३२ ते ३५ सेंटीमीटर. संकटग्रस्त. नदीचा पक्षी. नद्यांची वाळू गेली, धरणांनी पाणी अवेळी चढवलं, तसा तो गेला.
- नदी सुरय, ३८ ते ४६ सेंटीमीटर. असुरक्षित. आपल्या नद्या-जलाशयांवर अजून दिसते, म्हणून ती पहिल्या ओळीत हवी.
- कोरल, ५० ते ६० सेंटीमीटर. संकटासमीप. आपल्याकडच्या चिखलपक्ष्यांत मोठ्या चणीचा, लांब खाली वळलेली चोच.
- मळगुजा, काळ्या शेपटीचा, सुमारे ४० सेंटीमीटर. संकटासमीप. दख्खनच्या तलावांवरही उतरतो.

एकेका घरात पाच:

- ग्रेट नॉट, २६ ते २८ सेंटीमीटर. संकटग्रस्त. पीत समुद्राच्या चिखलपट्ट्या भराव घालून बुजवल्या गेल्या, त्याचा मोठा फटका याला बसला. दक्षिण कोरियातल्या सेमनगम इथली ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ साली पुरी झाली आणि हजारो पक्ष्यांचा थांबाच गेला. आपला पक्षी आपल्या किनाऱ्यावर काहीही न घडता कमी होऊ शकतो, हे समजावायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.
- कर्ल्यू सँडपायपर, सुमारे २० सेंटीमीटर. २०२४ साली असुरक्षित.
- करडा चिखल्या, २७ ते ३० सेंटीमीटर. तोही २०२४ साली असुरक्षित.
- छोटा टिलवा, १२ ते १४ सेंटीमीटर आणि कंठेरी चिखल्या, १५ ते १७ सेंटीमीटर. हे दोघे धोक्याच्या यादीत नाहीत. तरी हवेत, कारण तलावावर उभं राहून बोट दाखवता येतं ते यांच्याकडे.

उरलेली एकेरी पाच घरं: एकात वाळूवरची सुरयीची अंडी, दोनांत टिलव्यांचा थवा, एकात शिवणाऱ्या बायकांची नावं आणि एक कोरं. कोरं घर सोडायलाच हवं. तीस चौकोनांत एक तरी बिघडतो, आणि नाहीच बिघडला तर पुढच्या हिवाळ्यात दिसलेला पक्षी तिथे येतो.

उजवीकडचा सहा घरांचा उभा पट्टा येरळा-कृष्णेचा. वर मायणी, खाली समुद्र. तळाची चार घरं मागणीच्या वाक्याची.

धोक्याचा वर्ग दाखवायला घराभोवती अर्ध्या इंचाची पट्टी लावा: संकटग्रस्ताला लाल, असुरक्षिताला भगवी, संकटासमीपाला पिवळी, बाकीच्यांना पांढरी. वर्ग बदलत असतात. कापण्याआधी त्या वर्षीची यादी एकदा बघून घ्या.

आणि एक सापळा. "आमच्या मायणीचा पाणचिरा" असं कुणीतरी उत्साहात म्हणेल. नोंद नसेल तर लिहू नका. ज्या पक्ष्याची तुमच्या तालुक्यात नोंद आहे त्याच्या घरात कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची एक फुली घाला, बाकीच्यांना निळी. जाणकार माणूस वाकळीपुढे उभा राहिला की आधी हेच तपासतो.

४. चित्रं: सगळ्यात जास्त चुका इथे

मुलांना "पक्षी काढा" म्हटलं की चिमणी येते. मग तिला लांब पाय जोडले जातात. ते टाळायचं तर आधी नुसत्या बाह्याकृती काढून घ्या, काळ्या कागदाच्या, सावलीसारख्या. दहा सावल्या भिंतीवर लावून "कोण कोण?" विचारा. सावलीवरून ओळखू येत नसेल तर रंग भरून ओळखू येणार नाही.

नेहमीच्या चुका:

- पाय. मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा पोटाच्या पिसांत लपलेला असतो. मुलं पाय माणसासारखा पुढे वाकवतात आणि पक्षी खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो.
- पाणचिऱ्याची चोच. खालची वरच्यापेक्षा लांब. पाण्याचा पृष्ठभाग चिरत जाते ती खालचीच. शिवताना बायका "चुकलंय बहुतेक" म्हणून दोन्ही सारख्या करतात किंवा वरची लांब करतात. कागदी साच्यावरच ठळक लिहून ठेवा.
- कोरल आणि मळगुजा. कोरलची चोच खाली वळलेली, मळगुजाची जवळजवळ सरळ. साचा उलटा धरला की दोन्हींची ओळख पुसते.
- चिखल्या. आखूड चोच, मोठा डोळा, गोल डोकं. लांब चोचीचा चिखल्या म्हणजे चिखल्याच नव्हे.
- रंग. हे सगळ्यात महत्त्वाचं. इंटरनेटवर कर्ल्यू सँडपायपर शोधला की विटकरी तांबडा पक्षी येतो. तो विणीचा पेहराव, उन्हाळ्यातला, आर्क्टिकमधला. आपल्या किनाऱ्यावर हिवाळाभर तो पाठीवर करडा आणि पोटाकडे पांढरा असतो. ग्रेट नॉट आणि करडा चिखल्या यांचंही तसंच. तांबडा पक्षी वाकळीवर छान दिसतो, पण तो बघून गेलेलं पोर किनाऱ्यावर एकही पक्षी ओळखू शकत नाही. सगळे करडे झाले तर वाकळ फिकी होईल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय पार्श्वभूमीत आहे: ओला चिखल गडद तपकिरी, पाणी निळं, पुळण पिवळसर.

सुरयींना मात्र विणीचा पेहराव द्या, कारण त्या आपल्याकडेच वीण करतात. नदी सुरय: काळी टोपी, पिवळी चोच, तांबडे पाय. काळ्या पोटाची सुरय: नारिंगी चोच, आणि पोटाचा काळा रंग विणीच्या काळातच.

पुस्तकात दिलेली लांबी पक्षी आडवा, ताणलेला ठेवून मोजलेली असते. उभा पक्षी त्याहून थोडा आखूड दिसतो, म्हणून बाह्याकृती दहाएक टक्के कमी ठेवा. कोरलही मग घरात नीट बसतो.

दुसऱ्याच्या छायाचित्रावरून साचा गिरवायचा तर छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या. मोबाइलवरचा एक होकारही चालतो, पण जपून ठेवा. बहुतेक जण आनंदानं देतात. न विचारता वापरलं तर नंतरची वादावादी वाकळीपेक्षा मोठी होते.

५. सामान

- मांजरपाट, ४४ इंच पन्ह्याचा: साडेचार मीटर. घरांची जमीन याचीच.
- जुनी सुती नऊवारी लुगडी: दोन. अस्तर आणि आतले दोन थर यांतून निघतात. काठ वेगळे काढून ठेवा.
- चौकटीसाठी लुगड्याचे काठ किंवा गडद सुती कापड: ४ इंच रुंदीच्या पट्ट्या, दोन ७३ इंचांच्या, दोन ६७ इंचांच्या.
- पक्ष्यांसाठी सुती तुकडे: करडे, तपकिरी, पांढरे, काळे जास्त, नारिंगी, तांबडे, पिवळे मूठभर.
- जाड सुती दोरा: २०० मीटर वाकळीच्या टाक्यांना, शिवाय रंगीत भरतकामाचा दोरा.
- सुया: वाकळीच्या लांब सुया सहा, बारीक सुया वीस. बारीक सुया हरवतात, मोजून द्या आणि मोजून घ्या.
- अंगुस्ताने, कात्र्या (एक फक्त कापडाची, तिनं कागद कापला की धार गेली), टाचण्या, शिंप्याचा खडू.
- जाड पुठ्ठ्याचे साचे: १२ × १२ आणि १३ × १३ इंच, प्रत्येकी तीन.
- इस्त्री. ही असेल तर निम्मं काम सोपं.

६. कापड तपासून घ्या

गावातून मागवलं की ढीग जमतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर निघतं. पॉलिस्टर घडी धरत नाही, सुती कापडाशेजारी शिवलं की सुरकुत्या पडतात. ओळखायला एक धागा काढून जाळा: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

जुनं कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. चर्र आवाज आला तर ते फक्त आतल्या थराला.

लाल, निळे, जांभळे तुकडे ओले करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. डाग उतरला तर रंग कच्चा; तो तुकडा वापरू नका. मीठ घालून धुतलं की कच्चा रंग पक्का होतो हा समज सोडा, लाल लुगडं पुढच्या पावसाळी दमटपणातही शेजारच्या पांढऱ्यावर चढतं.

मांजरपाट कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्याच. तो आकसतो. न भिजवता शिवलेली वाकळ पहिल्या धुण्यात बोचक्यासारखी होते.

सांगलीचं कापड म्हटलं की हळदीनं रंगवायची कल्पना येणारच. सुचते छान, टिकत नाही. हळदीचा पिवळा उन्हात काही दिवसांत उडतो, आणि साबणाचं पाणी लागलं की लालसर होतो. नदी सुरयीची पिवळी चोच तांबडी झाली तर पक्षीच बदलला. पिवळं कापड विकत घ्या, हळद जेवणात असू द्या.

७. कापणं आणि पक्षी बसवणं

शिवणीला सगळीकडे अर्धा इंच धरलाय. म्हणून एकेरी घर १३ × १३ कापा (दहा), जोडघर २५ × १३ (पाच), वाक्याची पट्टी ४९ × १३ अखंड, नदीचा पट्टा १३ × ७३ अखंड. आधी नदीचा पट्टा लांबीत काढा, त्याच्या शेजारी उरलेल्या पन्ह्यात पाचही जोडघरं बसतात. नंतर वाक्याची पट्टी, मग एकेरी घरं.

प्रत्येक बाईला घर देताना आतल्या १२ इंचांची रेघ खडूनं आखून द्या. पक्षी त्या रेघेबाहेर जाता कामा नये, नाहीतर जोडणीत शेपूट शिवणीत जातं.

पक्ष्याचा साचा कापडावर ठेवून पाव इंच जास्त कापा, कडा आत दुमडून इस्त्री करा, बारीक तुरपाईनं बसवा. बाहेरच्या वळणांवर कडेला छोटे काप दिले नाहीत तर गोलाई टोकेरी होते. शरीर, मग पंख, मग डोकं, असं खालून वर.

पाय आणि चोच कापडातून कापायचा प्रयत्न करू नका. टिलव्याचा पाय दोन मिलिमीटरचाही नसतो. दुहेरी दोऱ्याचा साखळी टाका घाला. टिलव्याचे पाय काळे, कोरलचे निळसर करडे, पाणचिऱ्याचे तांबडे. डोळ्याला शर्टाचं बटण लावू नका, पक्षी घाबरल्यासारखा दिसतो. काळ्या दोऱ्याची गाठ पुरते. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं हवंच, त्याची ओळख तीच.

मुलं तलावावरून पिसं आणतील आणि चिकटवू म्हणतील. नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित पक्ष्यांची पिसं, अंडी, घरटी बाळगणं गुन्हा ठरू शकतो. टिकल्या, चमकीही नको. गळून पडलेली चमकी शेवटी पाण्यातच जाते.

सरावलेल्या हाताला एका एकेरी घराला दोन-तीन दुपारी लागतात, जोडघराला चार-पाच.

८. अक्षरं

वाक्याची पट्टी ४८ इंचांची. अक्षराची उंची तीन इंच ठेवली तर ओळीत पंधरा-सोळा अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून. "मार्च ते मे" वरच्या ओळीत, "बेटावर पाय ठेवू नका" खालच्या. त्याहून लांब वाक्य असेल तर अक्षर बारीक करू नका, वाक्य छोटं करा.

शिरोरेखा खडूनं आधी आखा, शिवा मात्र सगळ्यात शेवटी. आधी शिवली तर अक्षरं तिला लोंबकळतात आणि अंतरं चुकतात. वेलांट्या, मात्रा, अनुस्वार यांना वरती दीड इंच जागा सोडा. आणि शिवण्याआधी शाळेतल्या मराठीच्या बाईंना दाखवा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दोऱ्यात गेली की उसवायला दोन दिवस लागतात, आणि वाकळ बघणारा प्रत्येक जण पक्षी सोडून तीच दाखवतो.

९. जोडणी आणि वाकळ घालणं

ओळी अशा लावा: पहिली ओळ दोन जोडघरं, दुसरी दोन जोडघरं, तिसरी एक जोडघर आणि दोन एकेरी, चौथी चार एकेरी, पाचवी चार एकेरी, सहावी वाक्याची पट्टी. प्रत्येक ओळ ४८ इंच भरली पाहिजे. न भरल्यास शिवण उसवा, ताणू नका. मग ओळी एकमेकींना, उजवीकडे नदीचा पट्टा, शेवटी चौकट: आधी उभ्या ७३ इंचांच्या पट्ट्या, नंतर आडव्या.

अस्तर आणि आतले थर सगळ्या बाजूंनी दोन-दोन इंच मोठे कापा. नेहमीच्या वाकळीत चार-सहा थर घालतात, ऊब हवी असते. ही टांगायची आहे. दोनच थर घाला, नाहीतर वजनानं ती वरच्या काठाला ओढली जाऊन मधे पोट सुटतं. आतल्या थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, तिथे सुई अडते.

सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अस्तर ताणून चारी बाजूंनी वजनं ठेवा, त्यावर थर, त्यावर चेहरा (पक्ष्यांची बाजू). हातभर अंतरावर कच्चे टाके घालून घ्या. पक्के टाके आपल्या पद्धतीनं काठाकडून आत, चौकोनात चौकोन, ओळींत एक इंच अंतर. चार बायका चार बाजूंना बसल्या तर ओढ सारखी राहते. एकाच बाजूनं सुरू केलं तर दुसऱ्या टोकाला कापड साचतं. पक्ष्याच्या अंगावरून टाका नेऊ नका, त्याच्या कडेनं वळसा घाला. त्यानं पक्षी थोडा उठून येतो, आणि आजूबाजूच्या टाक्यांच्या रेघा पाण्याच्या लाटांसारख्या दिसतात.

अखेरीस कच्चे टाके काढा, वाढीव कडा कापून काठ दुमडा. मागे वरच्या बाजूला चार इंचांचा नेफा शिवा.

१०. मजुरी, कागद, परवानग्या

"गावासाठी आहे" म्हणून बायकांकडून फुकट शिवून घेऊ नका. शेतमजुरीच्या चालू दरावर दुपारचा दर ठरवा आणि पहिल्या बैठकीतच सांगा. पैसे जमत नसतील तर घरं कमी करा.

हाताशी ठेवायचे कागद:

- बैठकीचा ठराव: मागणी, दर, वाकळीची मालकी कुणाची (ग्रामपंचायत, शाळा की बचतगट). मालकी न लिहिलेली वाकळ दोन वर्षांत कुणाच्या तरी माळ्यावर सापडते.
- बचतगटाच्या बँकखात्याची प्रत आणि खर्चाच्या पावत्या.
- मुलांचे फोटो छापणार असाल तर पालकांची सही.
- छायाचित्रकारांच्या परवानग्या.
- तलावावर मुलांना नेणार असाल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाला अर्ज, आणि तलाव पाटबंधाऱ्याचा असेल तर त्या शाखेलाही. मायणीचा परिसर २०२१ पासून पक्षी संवर्धन राखीव आहे. तिथे कार्यक्रम करायचा तर परवानगी आधीच, तोंडी नव्हे. अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि "ध्वनिक्षेपक नाही" हे लिहिलं की काम लवकर होतं.

वाकळीच्या नावानं देणगी गोळा करायची असेल तर पैसे कशावर जाणार हे पावतीवर लिहा. करसवलतीची पावती नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते. बचतगटानं तसं आश्वासन देऊ नये.

११. टांगणं आणि ठेवणं

नेफ्यात ७० इंचांचा सरळ बांबू घाला, दोन्ही टोकांना सुतळी. वाकळीला खिळा मारू नका. जागा सावलीची: शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, एसटी स्थानकाचं प्रतीक्षागृह. खालची कड जमिनीपासून दोन फूट वर, म्हणजे तळाचं वाक्य वाचता येतं आणि वाकळ कुत्री-शेळ्यांपासून वाचते.

तलावाच्या काठावर टांगू नका. फोटो सुंदर येतो, पण वाऱ्यावर फडफडणारं सहा फुटी कापड बघून चरणारे पक्षी उठतात आणि दूर जाऊन बसतात. टुंड्रातून आलेल्या पंचवीस ग्रॅमच्या जिवाला प्रत्येक उड्डाण चरबीच्या हिशोबात मोजावं लागतं. माणसांना वाकळ दाखवा, मग दहा-दहाच्या गटानं दुर्बीण घेऊन तलावाकडे न्या, सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून.

वाकळीसमोर बोलायला शिवणारी बाई उभी राहावी. पाणचिऱ्याची खालची चोच लांब का, हे जिनं ती दोनदा उसवून शिवली तिच्याइतकं नीट कुणी सांगत नाही.

ठेवताना घडी घालू नका, घडीवर कापड विरतं. पाइपवर चेहरा बाहेर ठेवून गुंडाळा, वरून जुनं धोतर, मधे वाळलेला कडुलिंबाचा पाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर पावसाळ्यात आत बुरशी धरते. पावसाळा संपला की सावलीत दोन दिवस उघडी ठेवा, टाके तपासा, आणि कोऱ्या घरात कोणता पक्षी घालायचा ते मुलांना विचारा.